चाकांवरचे घर, परक्याची जमीन

इंदूरहून एका वाचकभगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे यजमान येत्या वर्षी सेवानिवृत्त होतील. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती येईल, परंतु शहरात सदनिका घेण्यास ती पुरणारी नाही. अशात त्यांच्या पाहण्यात एक जाहिरात आली. दोन खोल्यांचे घर, ओटा, न्हाणीघर आणि विजेच्या तारा यांसह, कारखान्यात पुरे करून ट्रकवरून आणून देण्यात येईल व एका दिवसात उभे करण्यात येईल; पुढे मुलाची बदली झाल्यास घर उचलून तिकडे नेता येईल, असे तिच्यात म्हटले आहे. शहराबाहेर एका परिचितांचे शेत आहे आणि त्यातील कोपरा माफक भाड्याने देण्याची त्यांची तयारी आहे. "हे घर आम्ही घ्यावे काय? परदेशांत अशी घरे लोक पुष्कळ घेतात म्हणे," असे बाईंनी विचारले आहे.

पत्रातील शेवटच्या वाक्याचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघते. परदेशांत अशी घरे पुष्कळ घेतात, हे खरे आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सुमारे दोन कोटी माणसे कारखान्यात बनून रस्त्याने आलेल्या घरांत राहतात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटन या देशांतही त्यांचा प्रसार आहे. जागच्या जागी बांधलेल्या घराशी तुलना केली, तर अमेरिकेत अशा घराचा खर्च चौरस फुटामागे साधारण निम्मा पडतो. तेव्हा ज्यांचा पगार घरांच्या किमतींमागे धावून दमला आहे, अशी तरुण जोडपी आणि निवृत्त माणसे तिकडे वळली तर नवल नाही. मात्र हा निम्मा खर्च निव्वळ घराचा, जमिनीचा नव्हे. आणि सगळी गोम येथेच आहे.

या घरांस मराठीत म्हणावे काय, हा प्रश्न भाषांतराचे काम करणाऱ्यास टाळता येत नाही. ‘फिरते घर’ म्हणावे, तर आपल्या डोळ्यांसमोर गाडिया लोहारांची बैलगाडी उभी राहते. १५६८ साली चितोड पडल्यावर, गड परत मिळेपर्यंत घर बांधून राहणार नाही अशी शपथ त्यांच्या पूर्वजांनी घेतली, असे सांगतात. ६ एप्रिल १९५५ रोजी पंडित नेहरूंनी त्यांना समारंभाने चितोडगडावर नेले आणि त्या शपथेतून मोकळे केले. त्यांची गाडी खरोखरच फिरत होती. अमेरिकेतील ‘मोबाइल होम’ मात्र बहुधा आयुष्यात एकदाच फिरते; कारखान्यापासून जागेपर्यंत. तिकडच्या कायद्यानेही १९८० साली ‘मोबाइल’ हा शब्द काढून ‘मॅन्युफॅक्चर्ड’, म्हणजे कारखान्यात बनवलेले, असा शब्द घातला. आपण तयार कपडे म्हणतो, त्याप्रमाणे येथे ‘तयार घर’ म्हणू.

तयार घराची कल्पना आजकालची नव्हे. लंडनच्या हेन्री मॅनिंग नावाच्या सुताराचा मुलगा १८३० च्या सुमारास ऑस्ट्रेलियात वस्तीस निघाला. तेथे सुतार मिळणार नाही, गवंडी मिळणार नाही, या काळजीने बापाने त्याच्यासाठी सुट्या भागांचे लाकडी घर तयार करून दिले. कोणताही भाग एका माणसास उचलता यावा आणि बोल्ट पिळण्यापलीकडे काही कसब लागू नये, अशी त्याची योजना होती. पुढे मॅनिंगने हा धंदाच केला. मेलबर्नचा वसाहती अधिकारी चार्ल्स लाट्रोब याने १८३९ साली नेलेले असे घर आजही त्या शहरात जपून ठेवले आहे. तेथे सोन्याच्या खाणी लागल्या, तेव्हा इंग्लंडहून पत्र्याची घरेही जहाजे भरून गेली; दक्षिण मेलबर्नच्या कॉव्हेंट्री रस्त्यावरचे असे एक घर १८५३ सालचे आहे. पत्र्याच्या त्या खोल्यांत ऑस्ट्रेलियातील उन्हाळा कसा गेला असेल, याची कल्पना इंदूरकरांस सहज यावी.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने हाच उपाय सरकारी प्रमाणावर योजला. १९४४ च्या कायद्याने तात्पुरत्या घरांस मंजुरी मिळाली आणि पुढील चार-पाच वर्षांत दीड लाखांहून अधिक घरे उभी राहिली. त्यांतील अॅल्युमिनियमची घरे लढाऊ विमानांचे काम संपलेल्या कारखान्यांत तयार होत आणि नळ व तारांसह चार तुकड्यांत लॉरीवरून येत. घरात न्हाणीघर होते, स्वयंपाकघरात शीतकपाट होते. कष्टकरी कुटुंबांतील कित्येक गृहिणींनी या दोन्ही गोष्टी आपल्या घरात प्रथमच पाहिल्या. घरे दहा वर्षांच्या बोलीची होती. कित्येक पन्नास वर्षांहून अधिक टिकली आणि ती पाडण्याची वेळ आली, तेव्हा रहिवाशांनी विरोध केला. लंडनच्या कॅटफर्ड भागातील अशा वसाहतीतील सहा घरांना २००९ मध्ये वारसावास्तू म्हणून संरक्षण मिळाले. खर्चाच्या दृष्टीने मात्र ही घरे स्वस्त ठरली नाहीत. त्यांतील कुटुंबे स्वस्थ राहिली याचे कारण पत्रे नव्हेत. खालची जागा नगरपालिकेच्या ताब्यात होती आणि रहिवासी तिचे भाडेकरू होते, हे होय.

आपल्या सरकारनेही हा प्रयोग त्याच सुमारास केला. फाळणीनंतर दिल्लीत निर्वासितांची रीघ लागली होती. म्हैसूर संस्थानात काम केलेले आणि भुवनेश्वरचा आराखडा करणारे जर्मन वास्तुशास्त्रज्ञ ऑटो कोनिग्सबर्गर यांच्याकडे केंद्र सरकारच्या गृहनिर्माणाचे संचालकपद होते. दिल्लीत सरकारी घरांचा कारखाना निघाला. पण हलक्या काँक्रीटच्या भिंतींना तडे जाऊ लागले आणि लोकसभेच्या आधीच्या संसदेत त्यावर बराच गदारोळ झाला. पुढे १९५३ साली कारखान्याची कंपनी झाली, तिने विजेचे खांब आणि रेल्वेचे स्लीपर यांसारखी कामे हाती घेतली आणि १९७८ पासून ती ‘हिंदुस्थान प्रीफॅब’ या नावाने ओळखली जाऊ लागली. अमेरिकेतही त्याच वर्षांत लस्ट्रॉन नावाच्या कंपनीने सरकारकडून पावणेचार कोटी डॉलरांचे कर्ज उचलून मिन्याच्या पोलादी पत्र्यांची घरे काढली. सुमारे अडीच हजार घरे झाली आणि १९५० मध्ये दिवाळे निघाले. घराचा कारखाना काढणे म्हणजे घर स्वस्त होणे नव्हे. यंत्रे, छपरी, पगार यांचा खर्च रोजचा असतो आणि मागणी दोन महिने थांबली तर तो सगळा उरलेल्या घरांवर चढतो.

मग अमेरिकेतील साधे, दिसायला काहीसे ओबडधोबड तयार घर का टिकले? ते मोटारीमागून ओढायच्या सहलीच्या गाडीतून वाढले. मंदीच्या काळात लोक त्या गाड्यांत राहू लागले, युद्धात शस्त्रकारखान्यांच्या कामगारांसाठी सरकारनेच हजारो गाड्या घेतल्या आणि युद्ध संपल्यावर लोक तेथून हलले नाहीत, कारण जावे असे दुसरे घर नव्हते. या गाड्यांची रुंदी होती आठ फूट. रस्त्याच्या नियमांनी तेवढीच परवानगी होती. १९५४ च्या सुमारास विस्कॉन्सिनमधील एल्मर फ्राय यांनी दहा फुटी घर काढले. दोन फुटांनी काय होते, असे वाटेल. आठ फुटी घरात मागच्या खोलीत जायचे तर मधल्या निजायच्या खोलीतूनच जावे लागे. दहा फूट मिळताच एका बाजूने बोळ निघाला आणि खोलीचे दार लावून घेता येऊ लागले. एका खोलीत संसार केलेल्या आपल्याकडील कोणत्याही कुटुंबास या बोळाचे मोल सांगावे लागणार नाही. परंतु त्या दिवसापासून ते घर कोणाही मोटारवाल्यास ओढता येईना. खास परवाना आणि व्यवसायी वाहतूकदार आवश्यक झाला. घर राहण्याजोगे झाले आणि त्याच क्षणी त्याचे फिरणे संपले.

आता हे घर दोन अर्ध्या भागांत येते व जागेवर जोडले जाते. कारखान्यात प्रथम जमीन, मग भिंती, मग छप्पर या क्रमाने ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते. पाऊस आला म्हणून काम थांबत नाही, लाकूड भिजत नाही, कापलेला तुकडा पुढच्या घरास उपयोगी पडतो. स्वस्ताई येते ती येथून. १५ जून १९७६ पासून तेथे सबंध देशासाठी बांधणीचा एकच नियम लागू झाला आणि तपासणी झालेल्या प्रत्येक भागावर धातूची लाल पट्टी बसू लागली. ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने दक्षिण फ्लॉरिडातील या घरांच्या वस्त्याच्या वस्त्या भुईसपाट केल्या, तेव्हा १९९४ साली किनारी भागांसाठी नियम अधिक कडक करण्यात आले. वस्तूचे दोष असे दुरुस्त होत गेले. जमिनीचा दोष मात्र तसाच राहिला.

तो असा. अशा घरांच्या मालकांपैकी पुष्कळांची जागा स्वतःची नसते. एक जमीनमालक मोठ्या आवारात रस्ते, पाणी, वीज आणून देतो आणि एकेक तुकडा महिन्याच्या भाड्याने लावतो. घर तुमचे, भूमी त्याची. भाडे वाढले तर घर उचलून दुसरीकडे न्यावे, असे कागदावर म्हणता येते. प्रत्यक्षात हलवण्याचा खर्च पाच ते पंधरा हजार डॉलरांपर्यंत जातो, जुने घर वाटेत मोडते आणि नवे आवार जुने घर आत घेत नाही. म्हणून जमीनमालकास ठाऊक असते, की हा भाडेकरू जाणार नाही. अलीकडच्या वर्षांत मोठ्या गुंतवणूकदारांनी अशी आवारे विकत घेऊन भाडी वाढवली, त्यामागे हाच हिशेब आहे. शिवाय जमिनीवाचून घेतलेले घर कायद्याने बहुधा मोटारीसारखी जंगम वस्तू ठरते. त्यामुळे त्यावरचे कर्ज चढ्या व्याजाचे असते, आणि घर वर्षागणिक जुने होत जाते. जमिनीची किंमत वाढली, तर ती वाढ दुसऱ्याच्या खिशात जाते.

गोव्यातील वाचकांस यात नवे काहीच वाटणार नाही. भाटकाराच्या भाटात घर बांधून राहणारा मुंडकार हाच तो मनुष्य. घर त्याच्या आज्याने उभारलेले असेल. तरी उठ म्हटल्यावर त्याने जावे कोठे? गोव्यात १९७५ साली मुंडकारांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि घराखालची जागा विकत घेण्याचा हक्क त्यांस मिळाला. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यातील मेरेडिथ या गावी १९८४ साली निराळा मार्ग निघाला. आवार विकले जाणार असे कळताच तेथील रहिवाशांनी सहकारी संस्था केली, एका कर्जनिधीतून रक्कम उभी केली आणि आवारच विकत घेतले. पुढे त्या राज्याने असा नियम केला, की आवार विकण्यापूर्वी मालकाने रहिवाशांना साठ दिवसांची सूचना द्यावी. आज देशभर तीनशेहून अधिक आवारे याप्रमाणे रहिवाशांच्या मालकीची आहेत. तेथील भाडे रहिवाशांची सभा ठरवते. मुंबईत गावदेवीस सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ सालीच स्थापन झाली होती, हे लक्षात घेता या बाबतीत आपण कोणाच्या मागे नाही.

आता इंदूरचे पत्र. बाईंच्या बेतातील घराविषयी माझा फारसा आक्षेप नाही. परिचितांच्या शेताविषयी आहे. आज सौजन्याने दिलेला कोपरा उद्या वारसांच्या वाटणीत कोणाकडे जाईल, हे देणाऱ्यासही सांगता येत नाही. भाड्याने जागा घ्यायचीच असेल तर वर्षाहून अधिक मुदतीचा करार नोंदणी केलेला असावा, आणि मुदत संपल्यावर काय, भाडे किती वाढेल, जमीन विकली तर पहिला विचार कोणाचा, ही कलमे त्यात स्पष्ट असावीत. शेतजमिनीवर राहते घर ठेवायचे तर मध्यप्रदेशात ज्याला ‘डायव्हर्शन’ म्हणतात ती बाब आधी पुरी करावी. घरास चाके आहेत, म्हणून त्यास परवानगी लागत नाही, असे विक्रेते पुष्कळदा सांगतात. त्यावर विसंबू नये. पंचायतीत किंवा नगरपालिकेत स्वतः जाऊन लेखी विचारावे. बँकेतही तसेच. गृहकर्ज जमीन व इमारत गहाण ठेवून मिळते. येथे जमीन परक्याची आणि घर उचलण्याजोगे, तेव्हा गहाण ठेवणार काय?

मुलाची बदली झाली तर घर नेता येईल, हे जाहिरातीतील वाक्य मला सर्वांत खोटे वाटते. घर नेता येईल. जागा नेता येणार नाही. तिकडे नवी जागा, नवा ओटा-चौथरा, नवी सांडपाण्याची टाकी, नवी जोडणी आणि दोन्हीकडे क्रेनचे भाडे, इतके सगळे आलेच. शौचकूपाची टाकी ट्रकवरून येत नाही, हे जाहिरातीत कोठेच लिहिलेले नसते.

याउलट, कुटुंबाची स्वतःची जागा असेल, मग ती लहान का असेना, तर माझे मत निराळे आहे. गावाकडे वाटणीस आलेले परसू असेल किंवा शहराच्या कडेचा मंजूर भूखंड असेल, तर निधीतील बरीच रक्कम जमिनीवर खर्चून तूर्त एक तयार खोली आणून ठेवणे, आणि पुढे मुलाच्या कमाईतून शेजारी पक्के बांधकाम करणे, हा शहाणपणाचा क्रम आहे. तयार खोली नंतर पाहुण्यांस, शिकवणीस किंवा दुकानास उपयोगी पडते, विकताही येते. पुलाच्या आणि रस्त्याच्या कामांवर अभियंते अशाच खोल्यांत वर्षानुवर्षे राहतात. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लोकांनी पक्की घरे मिळेपर्यंतचे दिवस पत्र्याच्या निवाऱ्यांत काढले. निवारा म्हणून या वस्तूची उपयुक्तता सिद्ध झालेली आहे.

घेण्यापूर्वी मापे मात्र स्वतः घ्यावीत. मालपेटीचे, म्हणजे कंटेनरचे घर असेल तर त्याची बाहेरून रुंदी आठ फूट असते. चाळीस फुटी पेटी झाली तरी क्षेत्रफळ भरते ३२० चौरस फूट. भिंतींना आतून अस्तर लावले की रुंदी आणखी चार-सहा इंचांनी कमी होते. पलंग आडवा ठेवला तर पायथ्याशी कपाट उघडेल काय, हे जमिनीवर खडूने आखून पाहावे. जाहिरातीतील चित्रे फार दूरवरून पाहणाऱ्या भिंगाने काढल्यासारखी असतात. आपल्याकडे नेहमीच्या मालवाहू गाडीस २.६ मीटरपर्यंत रुंदीची मुभा आहे. म्हणजे रस्त्यावरून सहज येणारे घर कितीही सजवले तरी त्या रुंदीतच राहणार, किंवा दोन तुकड्यांत येणार. गल्लीचे वळण, विजेच्या तारा आणि आंब्याची फांदी यांतून ट्रक आत येईल काय, आणि वाहतूकवाले जिला ‘हायड्रा’ म्हणतात ती क्रेन उभी राहण्यास जागा आहे काय, हे पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याच्या माणसास जागेवर आणून दाखवावे.

आणि ऊन. नुसत्या पत्र्याची भिंत मे महिन्यात तव्यासारखी तापते. दोन पत्र्यांमध्ये फेस भरलेले फलक, ज्यांस बाजारात ‘पफ पॅनेल’ म्हणतात, ते बरेच बरे. त्यांची जाडी किती हे बिलावर लिहून घ्यावे. तरीही छपरावर हातभर अंतर सोडून दुसरे छप्पर, पश्चिमेस ओसरी किंवा वेलीचा मांडव, आणि समोरासमोर दोन खिडक्या, एवढे असल्याशिवाय घर घेऊ नये असे मी म्हणेन. यांपैकी ओसरी कोणताही कारखाना पाठवत नाही. ती जागेवरच बांधावी लागते, आणि भाड्याच्या जागेत ती बांधण्यास मालकाची संमती लागते.

पफ फलकांच्या घरात एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढलेले कोणी वाचक असतील, तर त्यांनी आतील उष्णता, पावसाचा आवाज आणि सांध्यांतून होणारी गळती यांविषयी जरूर लिहावे. घर कोणत्या गावी आहे आणि भिंतीची जाडी किती, हे कळवण्यास विसरू नये. पत्रे पुरेशी आली, तर ती एखाद्या पुढील अंकात एकत्र देऊ.